ब्रेक मारला म्हणून मार्क कापले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली गाडीच्या विम्याबाबत जिकडेतिकडे 'गाडी नीट चालवा आणि प्रीमियम वाचवा' असं ऐकायला मिळतं म्हणून हे लिहितोय. मागच्या वर्षी रिन्यूअलच्या वेळी मीही त्या भानगडीत पडलो, फोनवर विमा कंपनीचं, ड्रायव्हिंगला शंभरपैकी मार्क देणारं ॲप टाकलं, लोकेशन कायम चालू ठेवायची परवानगी दिली आणि वर्षभर रोज रात्री जेवण झाल्यावर स्कोअर बघत बसलो. सत्तावीस वर्षं गाडी चालवतोय, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, ५० टक्क्यांवर जाऊन थांबलाय, म्हणलं आपले पंच्याण्णव कुठे गेले नाहीत. पहिल्याच आठवड्यात आले एकसष्ट!

कारण काय तर 'हार्ड ब्रेकिंग'. आता मी राहतो धायरीला. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको, ट्रकवाले डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरतात आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाहीत, तिथे माझा पाय ब्रेकवरच असतो. नंतर धायरी फाट्याला एक रिक्षा डावीकडून अशी घुसली की मी ब्रेक मारला नसता तर कंपनीलाच क्लेम द्यावा लागला असता, पण ॲपमध्ये त्या जागी लाल ठिपका. फोनमधल्या सेन्सरला झटका कळतो हो, रिक्षा कुठे दिसते त्याला?

खरी भीती वाटली ती वेगळ्याच दिवशी. मुलीने नुकतंच लायसन काढलंय, मी शेजारी बसतो या भरवशावर चालवते, आणि फोन माझा असल्याने तिचं ड्रायव्हिंगही माझ्याच खात्यात. रात्री गल्लीत कुत्रं आडवं आलं तर हिने ब्रेक मारायच्या आधी क्षणभर स्टँडवरच्या फोनकडे बघितलं. कुत्रं वाचलं, त्याचं नशीब. मी ओरडलो तर म्हणते, "बाबा, तुम्हीच तर म्हणता स्कोअर जातो म्हणून." यावर मी काय बोलणार, चूक माझीच होती.

बरं एवढं करून वाचले किती? हे कुणी नीट सांगत नाही म्हणून माझा हिशोब देतो. पॉलिसीत दोन भाग असतात, एक थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा आणि एक ओन डॅमेज म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा. थर्ड पार्टीचा दर केंद्र सरकार ठरवतं, १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरात माझ्या ११९७ सीसीच्या गाडीला ३,४१६ रुपये, तुम्ही कितीही शहाण्यासारखी गाडी चालवा त्यातला एक रुपया कमी होत नाही. सूट मिळते ती फक्त ओन डॅमेजवर. माझा तो भाग बोनस वजा जाता ३,१०० रुपये, त्यावर स्कोअरची सूट मिळाली आठ टक्के, म्हणजे २४८ रुपये, १८ टक्के जीएसटी धरून २९३. वर्षभर मी कधी निघालो, कुठे गेलो, किती वाजता परतलो ही सगळी माहिती मी एका साध्या हॉटेलातल्या दोन थाळ्यांच्या पैशात दिली.

सगळंच वाईट आहे असं नाही म्हणत. इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना दोन प्रकारांची परवानगी दिली, गाडी किती चालते त्यावर सूट आणि कशी चालवता त्यावर सूट. पहिला प्रकार मला पटतो. माझे शेजारी रिटायर्ड आहेत, गाडी महिन्यातून चारदा निघते, ते ओडोमीटरचा फोटो पाठवतात आणि मोकळे होतात, त्यांच्या कंपनीला ते कुठे गेले याच्याशी घेणंदेणं नाही. यात कुणी ब्रेक मारायला बिचकतही नाही.

माहिती पुढे कुठे जाते हाही प्रश्न आहेच. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांमधली ब्रेक-वेगाची नोंद लेक्सिसनेक्सिससारख्या माहिती गोळा करून विकणाऱ्या कंपन्यांमार्फत इन्शुरन्सवाल्यांपर्यंत पोचत होती हे २०२४ मध्ये बाहेर आलं, तिथे काही लोकांचे प्रीमियम कमी होण्याऐवजी वाढले, आणि कितीतरी जणांना आपण यात आहोत हेच माहीत नव्हतं. आपल्याकडे निदान इर्डाने एवढं तरी करावं की कोणत्या गोष्टीला किती मार्क कापतात ते पॉलिसीच्या कागदावर मराठीत छापायला लावावं आणि चुकीची नोंद खोडायची सोय ठेवावी.

चुकीची म्हणजे कशी, तर गाडी गॅरेजला होती तेव्हा मी स्वारगेटहून बसने घरी आलो, फोन खिशात. ॲपने तो प्रवास माझ्याच नावावर लावला आणि बस प्रत्येक स्टॉपला थांबली तसे माझे मार्क कापत गेलं. कस्टमर केअरला फोन लावला, वीस मिनिटं गाणं ऐकलं, मग ती मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, ट्रिपमध्ये पॅसेंजर म्हणून बदल करायला सात दिवस असतात." मला ते कळलं तेव्हा आठवा दिवस होता.

आपला,
एक वाचक, धायरी, पुणे