शेवटचे दोन हजार डॉलर

बाल्टिमोर,
नोव्हेंबरअखेर

प्रिय नंदू,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर खरोखरच पैसे जमायला लागले, हे वाचून फार बरं वाटलं. गावातल्या चार-पाच मुलांची पहिल्या वर्षाची फी भरायचं तुम्ही ठरवताय आणि माझं मत विचारलंयस. मत आहे, आणि ते जरा वेगळं आहे. पण ते कुठून आलं हे सांगितल्याशिवाय तुला पटायचं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

शनिवारी आमच्या भागातल्या ग्रंथालयात मी ज्या मुलांना कॉलेजच्या मदतीचे अर्ज भरायला मदत करत बसतो, ती बहुतेक कृष्णवर्णीय घरांतली. त्यातल्या बऱ्याच जणांना ‘एचबीसीयू’मध्ये जायचं असतं. म्हणजे १९६४ पूर्वी, कृष्णवर्णीयांना शिकवण्यासाठी म्हणून स्थापन झालेली कॉलेजं. आज अशी शंभराच्या आसपास आहेत आणि प्रवेश कुठल्याही वर्णाच्या मुलाला मिळतो. इथलं मॉर्गन स्टेट १८६७चं, वॉशिंग्टनचं हॉवर्डही त्याच वर्षीचं. आमच्या मेरीलँड राज्यात अशी चार सरकारी विद्यापीठं आहेत.

थर्गुड मार्शल याच बाल्टिमोरचे. पुढे ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. पण तरुणपणी त्यांना वकिली शिकायची होती तेव्हा मेरीलँड विद्यापीठाचं लॉ स्कूल गावातच असून उपयोग नव्हता, कारण कृष्णवर्णीयांना तिथे दार बंद. म्हणून ते रोज आगगाडीने वॉशिंग्टनला हॉवर्डमध्ये जात. त्या फीसाठी त्यांच्या आईने लग्नाची आणि साखरपुड्याची अशा दोन्ही अंगठ्या गहाण टाकल्या. मंगळसूत्र सावकाराकडे ठेवून पोरांना शिकवणाऱ्या बायका आपण दोघांनीही पाहिल्यात, तुला वेगळं काय सांगू!

१९३५मध्ये मार्शल आणि त्यांचे गुरू चार्ल्स ह्यूस्टन यांनी त्याच लॉ स्कूलविरुद्ध, प्रवेश नाकारलेल्या डोनाल्ड मरे या कृष्णवर्णीय तरुणाचा खटला लढवला आणि जिंकला. सरकारचा बचाव काय होता माहितीय? आम्ही या मुलांना राज्याबाहेर शिकायला शिष्यवृत्ती देतो. दहा हजार डॉलरची तरतूद, माणशी २०० डॉलर, म्हणजे अख्ख्या राज्यात पन्नास जणांना. तीही फक्त फीपुरती. प्रवास आणि परगावी राहण्या-खाण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. आमच्या दारात येऊ नका म्हणून दिलेली शिष्यवृत्ती! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी सुन्न झालो होतो.

हा जुना इतिहास म्हणून सोडून देता येत नाही. २०२३मध्ये केंद्र सरकारने सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं पाठवली. १८९०च्या कायद्याखाली सरकारी अनुदान मिळणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांना तीस वर्षांत मिळून बारा अब्ज डॉलरहून जास्त निधी कमी मिळाला, असा हिशेब त्यांत होता. आमच्या राज्यातल्या चार विद्यापीठांनाही पंधरा वर्षांच्या खटल्यानंतर, २०२१मध्ये, ५७.७ कोटी डॉलरची तडजोड पदरात पडली. त्यामुळे होतं असं, की बड्या श्रीमंत विद्यापीठांकडे गरजू मुलासाठी स्वतःची भरलेली तिजोरी असते, तशी यांच्याकडे नसते. मुलाला चार ठिकाणी हात पसरावे लागतात, आणि ते कुठे पसरायचे हे दाखवणं एवढंच आमचं काम.

सुरुवात फाफ्सापासून होते. हा सरकारी मदतीचा फॉर्म. तुला महाडीबीटीची सवय आहे, तेव्हा ‘ओटीपी आला नाही’ हे वाक्य इथेही तितकंच ऐकू येतं म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहील. परवा एक मुलगी आईला घेऊन आली होती. आई रुग्णालयात रात्रपाळी करून थेट आलेली, अंगावर युनिफॉर्म तसाच. आईवडील वेगळे राहतात, मग कुणाचं उत्पन्न दाखवायचं? आता नियम असा, की गेल्या बारा महिन्यांत ज्याने मुलीचा जास्त खर्च उचलला त्याचं. म्हणजे आईचं. आईने स्वतःचं खातं उघडायचं आणि करखात्याकडून माहिती घ्यायला स्वतः संमती द्यायची. ती संमती नसेल तर केंद्राची मदत शून्य. त्या बाईंना वाटत होतं, संमती दिली की करखातं मागे लागेल. मी समजावून पाहिलं, त्यांना पटेना. शेवटी आमच्या ग्रंथपाल बाई शेजारी जाऊन बसल्या, स्वतःच्या मुलाच्या वेळी काय काय झालं ते हळूहळू सांगत राहिल्या, तेव्हा कुठे बटण दाबलं गेलं. मुलीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लिहिता येणार नाही.

या फॉर्मवर पेल ग्रँट मिळते, सध्या वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, आणि ती फेडायची नसते. पण राहण्या-जेवण्यासकट खर्च याच्या कितीतरी पट. मग राज्याची मदत. तिच्यासाठी १ मार्च ही तारीख मी मुलांच्या वहीवर लाल पेनाने लिहून देतो. मेरीलँडमध्ये एक गोष्ट मला फार आवडते. इथल्या प्रत्येक आमदाराच्या हातात आपल्या मतदारसंघातल्या मुलांसाठी शिष्यवृत्तीचे पैसे असतात. एका मतदारसंघात एक सिनेटर (वरच्या सभागृहाचा आमदार) आणि साधारण तीन डेलिगेट (खालच्या सभागृहाचे), आणि काहींचा अर्ज वेगळा. किती घरांना आपला डेलिगेट कोण हेच ठाऊक नसतं! मी मुलांना तिथेच बसवून पत्ता टाकायला लावतो, नावं काढतो, आणि त्या कार्यालयांना फोन मुलांनीच करायचा.

देशपातळीवर शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांत दोन मोठी नावं आहेत. खासगी कॉलेजांसाठी यूएनसीएफ, टस्कीगी या अशाच एका कॉलेजचे अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन यांनी १९४४मध्ये उभं केलेलं. आणि सरकारी कॉलेजांसाठी १९८७पासूनचा थर्गुड मार्शल कॉलेज फंड, हो, त्याच मार्शल यांच्या नावाचा. शेतकी खात्याचीही एक शिष्यवृत्ती आहे, १८९०च्या कायद्याखालच्या एकोणीस विद्यापीठांत शेती किंवा अन्नशास्त्र शिकणाऱ्यांसाठी, फी-पुस्तकं-राहणं सगळं धरून. फेब्रुवारी २०२५मध्ये ती एकाएकी थांबवली आणि ओरड झाल्यावर पुन्हा सुरू केली. ज्या मुलांनी तिच्या भरवशावर बेत आखले होते त्यांचे ते दिवस कसे गेले असतील.

मोठ्या शिष्यवृत्त्यांना देशभरातून अर्ज येतात. त्यामुळे मी मुलांना आधी गल्लीत शोधायला सांगतो. आईचं चर्च, तिची युनियन, १९०८ आणि १९१३मध्ये हॉवर्डमध्ये सुरू झालेल्या अल्फा कॅपा अल्फा आणि डेल्टा सिग्मा थीटा या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींच्या भगिनीसंघांच्या स्थानिक शाखा. रक्कम पाचशे-हजाराची असते, पण अर्ज मोजके येतात आणि वाचणारी माणसं मुलाला ओळखतात. एक मात्र बघावं लागतं. बाहेरून शिष्यवृत्ती मिळाली की काही कॉलेजं आपली मदत तेवढीच कमी करतात, म्हणजे मुलाच्या हातात काहीच नाही. हे रोखणारा कायदा मेरीलँडने सरकारी कॉलेजांसाठी २०१७मध्ये केला, देशात पहिल्यांदा. पोर राज्याबाहेर किंवा खासगी कॉलेजात चाललं असेल तर हा प्रश्न आधीच, तोही लेखी, विचारायला लावतो.

आता माझं मत. पहिल्या वर्षी सगळे टाळ्या वाजवतात. चर्चमध्ये नाव पुकारतात, चेक हातात देतात, फोटो निघतो. यातल्या बऱ्याच शिष्यवृत्त्या एकदाच मिळणाऱ्या. तिसऱ्या वर्षी आईचे कामाचे तास कमी होतात, हजार-दोन हजार डॉलर थकतात, आणि कॉलेज खात्यावर ‘होल्ड’ टाकतं. बाकी फेडल्याशिवाय पुढच्या सत्राची नोंदणी नाही. चांगले मार्क असलेली मुलं इथे गळतात नंदू. एका सत्रासाठी म्हणून घरी येतात, गोदामात नोकरी धरतात, परत जात नाहीत. अशा एका मुलाची थकबाकी मला माहीत होती. आपल्या ग्रुपवरच्या दहा जणांनी एका संध्याकाळी भरली असती एवढीच. पण ती मला कळली तोवर तो शहर सोडून गेला होता.

२०१९मध्ये रॉबर्ट स्मिथ या उद्योगपतीने मोअरहाउस या ‘एचबीसीयू’च्या त्या वर्षीच्या सगळ्या पदवीधरांचं शैक्षणिक कर्ज फेडलं, सुमारे ३.४ कोटी डॉलर. मोठं काम केलं त्यांनी. पण पदवीपर्यंत पोहोचलेच नाहीत त्यांचं काय, हे मला तेव्हापासून टोचतंय. बाबासाहेबांचंच आठव. १९१३मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला आले, तिथून लंडनला गेले, आणि मुदत संपली म्हणून १९१७मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. पुन्हा जायला १९२० उजाडलं, ते मुंबईच्या सिडनॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेल्या पैशांवर, शाहू महाराजांच्या आणि मित्र नवल भथेनांच्या मदतीने. त्यांच्यासारख्या माणसालाही मधली तीन वर्षं द्यावी लागली.

म्हणून सांगतो, पहिल्या वर्षासाठी सगळे पैसे उधळू नका. निम्मे तरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात अडकलेल्यांसाठी ठेवा. अर्ज एका पानाचा, निकाल आठवड्यात, आणि पैसे थेट कॉलेजच्या खात्यात. थकबाकीची यादी कुणाकडे असते? ऑफिसातल्या फीच्या खिडकीवरच्या माणसाकडे. त्याच्याशी आत्ताच ओळख करून ठेव, नाव जाहीर न करता कोण अडलंय ते कळवायला सांग. मुलाचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या. आपल्यातल्या एक-दोघांना आवडणार नाही, तरी.

माझा वाटा या महिन्यात पाठवतो. तो त्या निम्म्यात धर. वहिनींना आणि काकूंना नमस्कार सांग. काकूंच्या गुडघ्याचं पुढे काय झालं ते कळव.

तुझाच,
सुहास