आधी नळ द्या, मग हात तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की ‘उघड्यावरचे खाणे बंद करा’ अशी पत्रे आपल्या अंकात येऊ लागतात. मी नऊ वर्षे एसटी स्टँडबाहेर वडापावची गाडी लावते. गाडीच्या अलीकडून दिसते तेही छापावे, ही विनंती.

आम्हाला नियम नकोत, असे नाही. २००६चा अन्नसुरक्षा कायदा २०११ला लागू झाला. मी नोंदणी केली २०२१ला. तेव्हा वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला परवाना लागत नव्हता, नोंदणी पुरत होती; फी वर्षाला शंभर रुपये. पाच वर्षांचे पाचशे एकदम भरले. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्याने स्वतःचे सातशे घेतले, ते निराळे! चौदा आकडी नंबरचा कागद लॅमिनेट करून छत्रीच्या दांड्याला बांधलाय, कारण टांगायला भिंत नाही.

कागदावरून आठवले. राग मानू नका, पण कितीतरी वर्षे मी आपल्याच रविवारच्या पुरवणीत वडे बांधून दिलेत. छपाईची शाई गरम तेलकट पदार्थात उतरते, म्हणून वर्तमानपत्रात खायचे देण्याला मनाई आहे, हे कळल्यावर बंद केले. गिऱ्हाईकच म्हणते, ‘ताई, पेपरातच द्या ना, तेल टिपून घेतो.’

तेलाचे म्हणाल तर ते पुन्हापुन्हा तापवून खराब होताना त्यात जे पोलर घटक तयार होतात, त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते वापरायचे नाही, असा नियम २०१८पासून आहे. ते मोजायचे यंत्र माझ्याकडे कुठून असणार? मी रंग बघते, फेस बघते, वास घेते. तेल काळपट, चिकट झाले की कढईतून काढतेच. वापरलेले तेल बायोडिझेलसाठी गोळा करायची सरकारी योजना आहे म्हणे, पण माझ्या दीड-दोन लिटरसाठी गाडी कोण पाठवणार? ते स्वस्तात मागणारे मात्र न चुकता येतात. नाही म्हणताना जिवावर येते. तेलाचे भाव आपण छापताच.

पण खरी अडचण पाण्याची आहे. पिण्यायोग्य पाणी वापरा, हात वारंवार धुवा, भांडी स्वच्छ ठेवा, सांडपाणी झाकलेल्या गटारात सोडा. एकही गोष्ट चुकीची नाही. पण आमच्या रांगेत अकरा गाड्या आहेत आणि नळ एकही नाही. मी रोज वीस लिटरचे चार जार विकत घेते, तीस रुपयांना एक. त्यातच पीठ भिजवायचे, चटणी वाटायची, गिऱ्हाइकाला प्यायला द्यायचे आणि उरेल त्यात हात आणि भांडी. दुपारी चारनंतर बादलीतल्या पाण्याकडे मलाच बघवत नाही. ते ओतायला दीडशे पावलांवरच्या गटारापर्यंत जायचे, तर तेवढा वेळ कढईपाशी कोण उभे राहणार? मग ते रस्त्याकडेला जाते. तिथेच माशा होतात आणि आपले वाचक पत्र लिहितात.

तपासणीला आलेले साहेब भले होते. टोपी, अॅप्रन, नखे, डॉक्टरांचा दाखला, सगळे पाहिले आणि म्हणाले, ‘पाण्याची सोय करा.’ नगरपालिकेत गेले तर उत्तर मिळाले, ‘फेरीवाल्यांना कनेक्शन देता येत नाही, जागा तुमच्या नावावर नाही.’ पथविक्रेत्यांचा कायदा २०१४चा आहे. शहर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य आमच्यातले असावेत, असे त्यात लिहिले आहे. आमच्याकडे सर्वेक्षण झाले, फोटो काढून नेले. समितीची बैठक झाल्याचे मात्र रांगेतल्या कुणालाच ठाऊक नाही.

मागणी एवढीच आहे. स्टँडच्या कुंपणाला लागून एक सार्वजनिक नळ आणि त्याखाली गटाराला जोडलेले एक चेंबर द्यावे. मीटर बसवा, पाण्याचे बिल अकराजण वाटून भरू. आत्ताही रोजचे एकशेवीस रुपये मोजतोच आहोत.

आपली नम्र,
एक वडापाव विक्रेती