मांजराच्या पिल्लाचं चित्र छापून कुत्र्याचं औषध विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : आपल्या त्वचारोग स्प्रेमुळे मांजराच्या पिल्लाला झालेली विषबाधा, बाटलीवरचा दिशाभूल करणारा मजकूर आणि हेल्पलाइनवर मिळालेला चुकीचा सल्ला.

महोदय,

मी साताऱ्यात शाहूपुरीला राहते. आमच्या चिंगीला, म्हणजे साधारण अडीच महिन्यांच्या पिल्लाला, उजव्या डोळ्याच्या वर एक गोल चट्टा पडला. तिथले केस तुटके झाले होते आणि कातडीवर राखाडी कोंडा धरला होता. तसाच एक लहान चट्टा कानाच्या कडेला होता. दुकानात आपल्या कंपनीचा स्प्रे मिळाला. बाटलीच्या दर्शनी बाजूला कुत्रा आणि त्याच्याशेजारी पट्टेरी पिल्लू असं चित्र आहे. खाली ठळक अक्षरांत ‘पिसवा, गोचीड, खरूज, नायटा, केसगळती : सर्वांवर एकच उपाय’ असं छापलेलं आहे.

एवढ्याशा पिल्लाला चालेल का, याची खात्री करायला मी स्प्रे मारण्याआधी बाटलीवरच्या हेल्पलाइनला फोन लावला. पिल्लाचं वय सांगितलं, चट्टा कसा दिसतो तेही सांगितलं. पलीकडच्या व्यक्तीने वजन विचारलं नाही, पशुवैद्याला दाखवलंय का हेही विचारलं नाही. “नायटा असो नाहीतर पिसवा, हेच चालतं. पिल्लाला निम्मा डोस द्या,” एवढं सांगून फोन ठेवला. त्यांनी सांगितलं तेवढंच आणि तसंच मी केलं.

संध्याकाळी स्प्रे मारला आणि रात्री जेवणं उरकायच्या आत चिंगीचे कान थरथरू लागले. आधी फक्त कान, मग मिशांजवळची कातडी, मग सगळं अंग. तोंडातून लाळ गळत होती. उभी राहायला गेली की मागचे पाय फाकायचे आणि ती कुशीवर पडायची. पशुवैद्यांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बाटलीवरचे घटक वाचून दाखवा म्हणून. मी ‘पर्मेथ्रिन’ या कीटकनाशकाचं नाव वाचताच ते म्हणाले, “भांडी घासायचं लिक्विड घ्या, कोमट पाण्यात तिला धुवा, पंच्यात गुंडाळा आणि तशीच घेऊन या.” दवाखान्यात सलाइन लावलं, स्नायू सैल पडण्याचं इंजेक्शन दिलं आणि अंगातला ताप सतत मोजत राहिले. या विषावर उतारा नाही. शरीर ते बाहेर टाकेपर्यंत झटके आवरायचे, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. चिंगी वाचली. वेळेत धुतली नसती तर वाचली नसती, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

आपल्याकडे औषधशास्त्र जाणणारी माणसं असतीलच, तरी लिहिते. कुत्र्याचं यकृत पर्मेथ्रिन मोडून बाहेर टाकू शकतं. त्यासाठी लागणारी ग्लुकुरोनिडेशन ही प्रक्रिया मांजराच्या यकृतात फार क्षीण असते, त्यामुळे औषध अंगात साचून राहतं आणि नसांना सतत उत्तेजित करत राहतं. शिवाय मांजर दिवसभर अंग चाटतं, म्हणजे कातडीवर मारलेलं पोटातही जातं. पिल्लाचं वजन किलोभराच्या आतबाहेर. कुत्र्याच्या डोसाचं ‘निम्मं’ त्याच्यासाठी सुरक्षित कसं होईल? माणसांच्या खरजेवर पाच टक्के पर्मेथ्रिनचं मलम सर्रास दिलं जातं, म्हणून दुकानदारालाही हे औषध सौम्य वाटतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. माहिती देणं हे आपलं काम होतं.

आणि ती माहिती आपल्याकडे होती, हे मला सगळ्यात जास्त लागलं. खोक्याच्या आत घडी घातलेला पातळ कागद आहे. त्यावर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, शेवटून दुसऱ्या ओळीत, हे औषध फक्त कुत्र्यांसाठी आहे असं छापलेलं आहे. म्हणजे आपल्याला ठाऊक होतं, आणि तरीही बाहेर पिल्लाचं चित्र छापलंत.

आता ‘सर्वांवर एकच उपाय’ या दाव्याबद्दल. चिंगी सावरल्यावर डॉक्टरांनी मूळ आजार तपासला. आधी बारीक दातांच्या फणीने केस विंचरून जे पडलं ते ओल्या पांढऱ्या कापसावर घेतलं. पिसवा असतील तर त्यांची काळी विष्ठा तिथे लालसर तपकिरी उतरते, कारण ती म्हणजे पचलेलं रक्तच असतं. कापूस स्वच्छ राहिला. चिंगीच्या अंगावर एकही पिसू नव्हती. मग खोलीत अंधार करून चट्ट्यावर जांभळा दिवा धरला, तेव्हा कडेचे तुटके केस हिरवट चमकले. हा नायटा होता. प्रत्येक नायटा असा चमकत नाही, म्हणून त्यांनी काही केस उपटून प्रयोगशाळेत पाठवले. बुरशी वाढवून पाहायला दोन-तीन आठवडे लागतात. अहवालात मायक्रोस्पोरम कॅनिस आली. मांजरांत नायटा बहुतेक वेळा याच बुरशीचा असतो.

बुरशीवर पर्मेथ्रिनचा काय उपयोग? ते कीटक, गोचीड आणि माइट (खरजेसारखे आजार करणारे अतिसूक्ष्म किडे) मारण्याचं औषध आहे. म्हणजे ज्या आजारासाठी मी बाटली घेतली, त्यावर त्यातल्या मुख्य औषधाचा काहीच परिणाम होणार नव्हता. चिंगीला आता वजनावर मोजून इट्राकोनॅझोल तोंडावाटे चालू आहे, आणि मायकोनॅझोल-क्लोरहेक्सिडिनच्या शांपूने अंघोळ. केस परत आले तरी तपासणीत बुरशी दिसायची थांबेपर्यंत औषध थांबवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. मधल्या काळात माझ्या मुलीच्या मनगटावर लाल कडेचा गोल चट्टा उठला. नायटा मांजराकडून माणसाला होतो, त्यातही लहान मुलं आणि म्हातारी माणसं लवकर सापडतात. सासूबाई पंच्याहत्तरीच्या आहेत आणि चिंगी त्यांच्याच गोधडीत झोपायची. बुरशीचे बीजाणू अंथरुणात, गालिच्यात वर्षभर आणि कधी त्याहूनही जास्त तग धरतात. त्यामुळे घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून काढावं लागलं. बाटलीवर ‘नायटा’ हा शब्द छापताना यातलं एक अक्षरही ग्राहकाला सांगावंसं आपल्याला वाटलं नाही.

बाकीच्या आजारांचंही तसंच आहे. मांजराची खरूज कानाच्या कडेपासून सुरू होते, जाड खपल्या धरतात आणि पिल्लू खाजवून खाजवून रक्त काढतं. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की माइट दिसतात आणि त्यावर मांजरांसाठीची वेगळी औषधं आहेत. कानात चहाच्या भुकटीसारखा काळा मळ साचला असेल तर ते कानातले माइट. पिसवा तर लहान पिल्लाचं इतकं रक्त पितात की हिरड्या पांढऱ्या पडतात, तिथे आधी रक्तक्षयाकडे बघावं लागतं. वरून सगळीकडे दिसते ती खाज आणि केसगळतीच. म्हणून तपासणी लागते. ‘सर्वांवर एकच’ म्हणणारी बाटली माणसाला त्या तपासणीपासूनच लांब ठेवते.

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न आणखी मोठा होतो. पाटण, जावळीच्या वाड्यावस्त्यांवर पशुवैद्य गाई-म्हशींच्या कामात बुडालेले असतात. मांजराच्या पिल्लासाठी एसटीने तालुक्याला कोण जाणार? तिथला माणूस दुकानातल्या बाटलीवरच विसंबणार, आणि इंग्रजी कागद वाचणार नाही. त्याची चिंगी रात्रीत मरेल आणि ती कशाने मेली हे त्याला कधीच कळणार नाही. मला या गोष्टीने झोप लागत नाही. याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. छापण्यापूर्वी हा मजकूर अशा ठिकाणच्या तज्ज्ञांना एकदा दाखवला असता, तर ते चित्र त्यांनी तिथेच काढायला लावलं असतं.

माझ्या मागण्या अशा. दुकानांत असलेला हा माल आधी परत मागवा. नव्या बाटलीवरून मांजराचं चित्र काढा आणि दर्शनी बाजूलाच, मराठी आणि हिंदीत, लाल अक्षरांत ‘मांजरांवर वापरू नये, जीव जाऊ शकतो’ असं छापा. नायट्याचा दावा काढून टाका. हेल्पलाइनवर बसणाऱ्यांना निदान एवढं शिकवा की मांजर म्हटल्याबरोबर ‘वापरू नका, पशुवैद्याला दाखवा’ हेच उत्तर द्यायचं, आणि आधीच वापरलं असेल तर धुवायला सांगायचं. बाटलीची किंमत आणि विषबाधेच्या उपचारांचा खर्चही मला मिळावा, पण पैसे देऊन बाकीचं तसंच ठेवणार असाल तर ते मला मान्य नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणारी जाहिरात तर दंडनीय आहेच, शिवाय वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा नसलेल्या उत्पादनाची जबाबदारीही उत्पादकावर येते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

बाटलीचं बिल, बॅच क्रमांकाचा फोटो, दवाखान्याची कागदपत्रं, प्रयोगशाळेचा अहवाल आणि हेल्पलाइनला केलेल्या फोनची नोंद यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. उरलेली बाटली आतल्या कागदासकट पिशवीत सीलबंद करून ठेवली आहे. ती तपासणीसाठी हवी असल्यास आपला माणूस पाठवा, लेखी पोच घेऊन त्याच्याकडे देईन.

आपली,
एक ग्राहक, शाहूपुरी, सातारा