‘फूड अँड न्यूट्रिशन’ हा एक रकाना नव्हे

मा. संपादक,
स. न.

बीएस्सीनंतरच्या वाटांवरील आपल्या पुरवणीत ‘फूड अँड न्यूट्रिशन’ असा एकच रकाना होता. कोथरूडमध्ये रसायनशास्त्र शिकवते, म्हणून राहवलं नाही. अशा रकान्यापायी मुलं भलत्याच रांगेत उभी राहतात.

बाकरवडी घ्या. ती खवट का होते, पाकिटात नायट्रोजन कशाला भरायचा, हे अन्नतंत्रज्ञान. इथे सूक्ष्मजीवशास्त्राच्या जोडीला अभियांत्रिकीचं गणित लागतं. डबाबंद पदार्थ १२१ अंश सेल्सिअसला किती मिनिटं ठेवायचा, हे उष्णतेचं वहन समजल्याशिवाय ठरत नाही, आणि ते चुकलं तर खाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. तीच बाकरवडी मधुमेही आजोबांच्या पोटात गेल्यावर साखर किती चढते, हे पोषणशास्त्र. त्याला शरीरक्रियाशास्त्र आणि संख्याशास्त्र हवं, शिवाय आजोबांशी न चिडता बोलता यायला हवं!

खरं तर पुणेकरांना हे सांगावं लागू नये. आपल्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. बाळं वजनाला कमी, पण अंगात चरबीचं प्रमाण तुलनेनं जास्त, असं त्यातून दिसलं. या कामात कारखान्याचा संबंध कुठे आला?

दोन्ही शास्त्रं भेटतात ती मिठात. आयोडीन किती हवं ते पोषणवाल्यांनी सांगायचं. दमट हवेत ते टिकावं म्हणून आयोडाइडऐवजी पोटॅशियम आयोडेट वापरायचं, हे अन्नरसायनाचं डोकं.

संस्थाही निराळ्या. अन्नतंत्रज्ञानासाठी म्हैसूरची सीएफटीआरआय (केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था), माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था), परभणीचं अन्नतंत्र महाविद्यालय एकीकडे. पोषणशास्त्रासाठी हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, कर्वे रस्त्यावरचं एसएनडीटी महिला विद्यापीठ दुसरीकडे. अन्नतंत्रज्ञानाच्या एमटेकला अनेक ठिकाणी ‘गेट’ ही प्रवेश परीक्षा मागतात. रुग्णालयात आहारतज्ज्ञ व्हायचं तर आहारशास्त्राची पदवी, इंटर्नशिप आणि मग आरडीची (‘रजिस्टर्ड डाएटिशियन’, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) परीक्षा हा रस्ता. फूड टेक्नॉलॉजीत एमटेक करून हे आपोआप जमेल, अशा समजुतीत असलेले पालक मला दर जूनमध्ये भेटतात.

पुढच्या पुरवणीत दोन्हींचे रकाने वेगळे छापावेत, आणि जमल्यास महाविद्यालयांच्या जाहिरातींऐवजी पहिल्या दोन सत्रांच्या विषयांची यादी द्यावी, ही विनंती.

आपली,
एक प्राध्यापिका, कोथरूड, पुणे