अब्बा, खुर्ची मागवली आहे

अस्सलामु अलैकुम अब्बा, अम्मी,

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर अम्मी, तू मध्येच रडायला लागतेस आणि अब्बा, तुम्ही "बरं, बरं" म्हणत फोन तिच्याच हातात देता. म्हणून लिहायला बसले. अम्मी, चष्मा लावून स्वतः वाच. अब्बांकडून वाचून घेतलंस तर ते अर्धं गाळतील.

आधी मुद्द्याचं सांगते. मी बयान, म्हणजे लोकांपुढे दीनावर प्रवचन करणं, थांबवलं आहे. सभागृहातलंही आणि रेकॉर्ड करून पाठवायचं तेही. ठरवून झालं, कळवूनही झालं. भांडण झालेलं नाही, कुणी टोचून बोललेलं नाही, पैशांवरून काही झालेलं नाही, तब्येत ठणठणीत आहे. हे सगळे प्रश्न तुम्ही याच क्रमाने विचारणार, म्हणून उत्तरं आधीच देऊन ठेवली. आणि अम्मी, ईमानही जागच्या जागी आहे. मोठ्या फुफींच्या वेळी जे झालं त्याची आठवण काढू नकोस, ते वेगळं होतं.

शिकवणं सोडलेलं नाही. सकाळी हिशेबाची अर्ध्या दिवसाची नोकरी करते आणि दुपारनंतर बायकांना कुरआन वाचायला शिकवते. बहुतेक साठीच्या पुढच्या, अगदी अलिफ-बेपासून सुरुवात करणाऱ्या. पैसे पूर्वीपेक्षा कमी येतात, पण पुरतात. तुमच्या औषधांचं आणि डॉक्टरांचं मी आधीच वेगळं काढून ठेवलंय, त्याला हात लागणार नाही. रात्र रात्र जागून बयानाची तयारी करणं संपलं, त्यामुळे झोप नीट होते. जेवण वेळेवर होतं, गरम असतं. वजनसुद्धा वाढलंय. फोटो पाठवते, खूश व्हा.

आता कारण.

बयान करता करता मला एक गोष्ट फार चांगली जमायला लागली होती. कुठल्या आयतीला आवाज खाली घ्यायचा, कुठे थांबायचं, कुठल्या वाक्याला पुढच्या रांगेतल्या ओढण्या डोळ्यांकडे जातात, हे सगळं मला पाठ झालं होतं. जायच्याही त्या, दर वेळी. आणि त्या गेल्या की मला आतून बरं वाटायचं. कबरीच्या अजाबाबद्दल, तिथल्या यातनांबद्दल बोलत असायचे आणि बरं वाटत असायचं, अब्बा! त्या बायकांचं रडणं अगदी खरं होतं, ते माझ्यामुळे येतंय हे पाहायला मला आवडायचं, एवढीच अडचण.

ती तिघांची हदीस तुम्हीच मला पहिल्यांदा ऐकवली होती, नबींच्या (स.) वचनांच्या मुस्लिम शरीफ या संग्रहातली. कयामतच्या दिवशी ज्यांचा निवाडा सगळ्यांच्या आधी होईल, त्यांत एक लढाईत मेलेला, एक इल्म, म्हणजे दीनाचं ज्ञान, शिकून शिकवणारा आणि कुरआन पढणारा, एक सढळ हाताने देणारा. तिघंही म्हणणार, तुझ्यासाठी लढलो, तुझ्यासाठी शिकवलं, तुझ्यासाठी दिलं. आणि तिघांनाही जवाब मिळणार, खोटं बोलतोस. लोकांनी तुला बहादूर म्हणावं, आलिम (विद्वान) म्हणावं, सखी (दानशूर) म्हणावं म्हणून केलंस, आणि ते म्हणून झालं. लहानपणी मला वाटायचं, हे तिघं कुणी तरी दुसरेच लोक असणार. तिर्मिजींच्या संग्रहातल्या रिवायतीत येतं की ही हदीस सांगायला सुरुवात करताना नबींचे (स.) सोबती हजरत अबू हुरैरा यांची शुद्ध पुन्हा पुन्हा हरपत होती. माझाही आवाज कापायचा ती सांगताना. पण मी कापवायचे तिथेच.

अब्बा, जुन्या काळचे मोठे आलिम इमाम गजाली, त्यांचं तुम्हाला वेगळं सांगायला नको, तरी अम्मीसाठी लिहिते. बगदादच्या निजामिया मदरशात ते सगळ्यांत मोठ्या हुद्द्यावर होते, तीनशे विद्यार्थी समोर बसायचे. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की शिकवण्यामागची आपली नीयत तपासली तेव्हा ती अल्लाहसाठी निघाली नाही, नावासाठी आणि मानमरातबासाठी निघाली. जाऊ की नको यात महिने गेले. शेवटी जीभच उचलेना, धडा घेता येईना, अन्न पचेना, हकिमांनी हात टेकले. 1095 साली मक्केला जातो असं सांगून निघाले आणि गेले शामला, म्हणजे सीरियाकडे. लेकराबाळांपुरतं ठेवून बाकी सगळं वाटून टाकलं. (तेवढं मीही ठेवलंय, वर सांगितलंच.) पण लोक गोष्ट इथेच संपवतात. 1106 मध्ये ते निशापूरला परत शिकवायला बसले. म्हणाले, पूर्वी मी ज्याने हुद्दा मिळतो ते इल्म पसरवत होतो, आता ज्याने हुद्दा सुटतो त्याकडे बोलावतो. मी कुठे आणि ते कुठे, कळतं मला, हसू नका. माझी जीभ चांगली चालतेय, अम्मीला विचारा. एवढंच म्हणायचंय की थांबणं म्हणजे पळून जाणं नव्हे, आणि थांबलेला माणूस परत बोलतोही.

आता तुम्ही जुने बुजुर्ग फुजैल बिन इयाज यांचं वाक्य काढणार, ठाऊक आहे मला. "लोकांसाठी अमल सोडणं ही रिया, लोकांसाठी अमल करणं हा शिर्क, आणि अल्लाहने या दोन्हींतून सोडवणं म्हणजे इख्लास." (अमल म्हणजे नेक काम, रिया म्हणजे दिखावा, शिर्क म्हणजे अल्लाहसोबत दुसऱ्याला सामील करणं, इख्लास म्हणजे निखळ नीयत.) या वाक्यापाशी मी खूप अडून राहिले. रिया येते म्हणून माणूस एकेक काम सोडत गेला तर सैतानाला काही करायलाच उरत नाही. म्हणूनच मी काम बंद केलं नाही, हलवलं. बयान वाईट असतं असंही माझं म्हणणं नाही. ज्यांना ते निभावतं त्यांनी जरूर करावं, आपल्याला ऐकायला तेच लागतात. कुरआनच्या सूरह बकरामध्येही सदका, म्हणजे दान, उघड दिला तर चांगलंच म्हटलंय, लपवून गरिबाला दिला तर त्याहून चांगलं. मला ते उघडं निभावत नव्हतं. इतकं साधं आहे.

आणि हो, या सोडण्याचंही कौतुक होऊ शकतं, ती भीती अजून आहेच. तेव्हा अम्मी, कुणाला सांगत बसू नकोस की आमच्या मुलीने एवढं नाव सोडून गरीब बायकांना शिकवायला घेतलं. तू सांगणारच, आणि डोळ्यांत पाणी आणून सांगणार. नको. कुणी विचारलं तर म्हण, वेळ मिळत नाही तिला. ते खोटंही नाही.

वर्गात काय होतं ते सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. एक आजी आहेत, मी त्यांना खाला म्हणते. बोट अक्षराखाली ठेवतात ते इतकं दाबून की नखाचा रंग जातो. "अलहम्दु" मधला ह घशाच्या मधून काढायचा, त्यांचा तो खोलातून येतो. दहा वेळा म्हणतात, दहाही वेळा तसाच येतो, मग माझ्याकडे न बघता अकराव्यांदा म्हणतात. मी त्यांना हजरत आयेशांची हदीस सांगितली की अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुप्पट अज्र, दुप्पट पुण्य आहे. त्यावर पान न मिटता म्हणाल्या, "मग लवकर शिकायची घाई कशाला करतेस माझ्यामागे?" सांगा आता. अशा बाईसमोर आवाज कुठे कापवणार? तिचं सगळं लक्ष त्या ह कडे असतं, मी तिथे आहे की नाही याचंही तिला पडलेलं नसतं. मला ते फार मानवतंय.

"तुमच्यात उत्तम तो, जो कुरआन शिकतो आणि शिकवतो." बुखारींच्या हदीस-संग्रहात ही हदीस खलिफा हजरत उस्मानांकडून येते, आणि ती पुढे सांगणारे अबू अब्दुर्रहमान सुलमी उस्मानांच्या खिलाफतीपासून थेट इराकचा सुभेदार हज्जाज याच्या काळापर्यंत लोकांना कुरआन शिकवत बसले. म्हणायचे, मला या जागी बसवलं ते ह्याच गोष्टीने. एका जागी बसून. इतकी वर्षं. मला आता असं काही तरी हवंय.

आणि हे माझ्यात आलं कुठून, तुम्हीच सांगा. अब्बा, तुम्ही मला कधी "नमाज पढ" म्हणाला नाहीत. "मी उभा राहतोय, यायचं तर ये," एवढंच म्हणायचात, आणि मी यायच्या आत तक्बीर बांधायची नाही म्हणून उगाच टोपी सारखी करत थांबायचात. मला वाटायचं टोपीच बसत नाहीये. अम्मी, तू यासीन पढायचीस आणि मी मांडीवर झोपायचे. डोकं जड झालं तरी पाय हलवायची नाहीस, सूरह संपली तरी. अजून झोप येत नाही तेव्हा मी तुझ्याच सुरात पढते. तुमच्या दोघांच्या ह्या शिकवण्याला कधी कुणी माइक लावला नव्हता.

आता तुमच्याकडे वळते. पत्र इथेच ठेवून देऊ नका.

अब्बा, गुडघे. तुम्ही मस्जिदीत पहिल्या सफमध्ये, पुढच्या रांगेत उभे राहता, सजद्यातून उठताना शेजारच्याचा खांदा धरता आणि पुढचे दोन दिवस जिना उतरत नाही. ही बातमी मला अम्मीने दिलेली नाही, तिच्यावर डोळे वटारू नका. खुर्चीवर बसून नमाज का नको? "लोक म्हणतील, खचला." हो ना? मग माझ्या त्या ओढण्या आणि तुमची ही पहिली सफ, सांगा बरं किती लांबची आहे? मोठ्या तोंडाने लिहीत नाहीये. सूरह मरियममध्ये हजरत इब्राहीम वडिलांना चार वेळा "अब्बा, अब्बा" अशी हाक मारून एकेक गोष्ट पुढे ठेवतात. समोरून दगडांची धमकी येते, तरी सलाम म्हणूनच निघतात. तुम्ही तर फार तर पत्र घडी करून ठेवाल.

हजरत इम्रान बिन हुसैन यांना मूळव्याध होती. नबी (स.) त्यांना म्हणाले, उभा राहून पढ, ते झालं नाही तर बसून, तेही झालं नाही तर कुशीवर. याहून सरळ काय सांगायचं कुणी? आणि आजारी माणसाच्या नावावर तेच लिहिलं जातं जे तो धडधाकट असताना करत होता, हेही बुखारीतच आहे. तुमचा उभं राहण्याचा हिशेब चालूच आहे, तो कुणी बंद केलेला नाही. खुर्ची मागवली आहे, पोचेल. बसून इशाऱ्याने पढताना रुकूपेक्षा (कमरेतून वाकण्यापेक्षा) सजद्याला जास्त वाका. किती वेळ उभं राहायचं, बसायचं केव्हा, हे इमामसाहेबांना विचारून घ्या, स्वतःच मुफ्ती होऊ नका.

रोज्याचंही तेच. डॉक्टर नाही म्हणाले आहेत, इन्सुलिन चालू आहे. मागच्या रमजानमध्ये अस्रच्या, म्हणजे दुपार उलटल्यावरच्या नमाजनंतर तुमचे हात थरथरत होते आणि तुम्ही म्हणालात, थंडी वाजतेय. ज्या आयतीत रोजे फर्ज झाले त्याच्याच शेजारी आजाऱ्याला सवलत दिली आहे, आणि म्हटलंय, अल्लाह तुमच्यासाठी सोपं करू पाहतो, अवघड नाही. ही सवलत नाकारण्यात मोठेपणा कसला? बरं होण्यासारखं नसलेल्या आजाराला फिदया आहे, चुकलेल्या प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाचं जेवण. ते मला करू द्या. नाही म्हणू नका, मला बरं वाटेल.

अम्मी, तू हसू नकोस, तुझं बाकी आहे. रात्रीच्या त्या गोळीने तुला चक्कर येते आणि तरी तू तहज्जुदला, मध्यरात्रीनंतरच्या त्या नमाजला, भिंत धरून उभी राहतेस. मस्जिदीत दोन खांबांमध्ये दोर बांधलेला नबींनी (स.) पाहिला, विचारलं हा कशाला. लोक म्हणाले, हजरत जैनबचा आहे, पढता पढता थकल्या की त्याला धरतात. म्हणाले, सोडा तो. अंगात उत्साह आहे तोवर पढावं, थकलं की बसावं. तुझी ती भिंत म्हणजे तोच दोर आहे. पलंगावरून उठताना आधी थोडा वेळ कडेलाच बस, मग पाय टेक. मधल्या खोलीतला दिवा रात्रभर चालू ठेव, विजेच्या बिलाचं अब्बांशी मी बोलते. वजूच्या जागी, नमाजआधी हातपाय धुता तिथे, पाणी साचू देऊ नका.

दादाजानची ती वही अम्मीच्या पेटीतून काढून ठेवा, पुढच्या वेळी आले की नेईन. खालाला त्यातली पहिली पानं दाखवायची आहेत. आणि कुणी मस्जिदीत विचारलं, "लेकीचं नवं बयान आलं नाही?" तर मान खाली घालू नका अब्बा. नाही आलं म्हणा, आणि त्यांच्या घरच्यांची खुशाली विचारा.

रब्बिर्हम्हुमा कमा रब्बयानी सगीरा. माझ्या रब, या दोघांवर दया कर, जसं यांनी मला लहानपणी वाढवलं. रोज म्हणते, दोघांची नावं घेऊन.

तुमची,
मुन्नी

ता. क. साखरेचे रिपोर्ट पाठवाल तेव्हा सगळे पाठवा. मागच्या वेळसारखा फक्त चांगला आलेला नको.