रात्रपाळीच्या त्या डॉक्टरताईंना

भावाच्या किडनी प्रत्यारोपणाला दोन वर्षं झाली आणि एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, वाढायला लागलं. कावीळ नाही, ताप नाही, नुसता थकवा. गोळ्यांचा परिणाम असेल म्हणत चार महिने औषधं बदलण्यात गेले. यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस ई विषाणूची अँटिबॉडी चाचणीही निगेटिव्ह आली, म्हणून आम्ही निर्धास्त. नको तितके!

त्या रात्री फाइल चाळताना तुम्ही थांबलात. खुर्ची ओढून बसलात, जुन्या रिपोर्टच्या पाठीवर पेनाने चित्र काढून समजावलंत: प्रतिकारशक्ती दाबलेली असली की शरीर अँटिबॉडी बनवेलच असं नाही, त्यामुळे विषाणू असूनही चाचणी फसवते, रक्तात थेट त्याचा आरएनए, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य, पीसीआर चाचणीने शोधायला हवा. नमुना तुम्हीच घेतलात. शीर सापडेना तेव्हा भावाचा गार पडलेला हात दोन्ही तळव्यांत धरून आधी ऊब दिलीत.

पीसीआर पॉझिटिव्ह आली. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमसचा डोस कमी केला, तेवढ्याने भागलं नाही, मग ३ महिने रिबाव्हिरिन हे विषाणूविरोधी औषध. हिमोग्लोबिन घसरलं, पण निभावलं. आता विषाणू सापडत नाही.

ताई, गडबडीत तुमचं नाव विचारायचंच राहिलं. मनापासून आभार. तुमच्या चित्राचा तो कागद अजून फाइलच्या पहिल्या पानावर आहे.