लोकगीत दुरून बसवताना आधी ठेका

संपादक महोदय, स. न. वि. वि.

नोकरीधंद्यासाठी पुणे, बंगळुरूकडे पांगलेली आपली पोरं आता आपापल्या घरून वाजवून एकच लोकगीत तयार करतात, याचं मनापासून कौतुक आहे. पण पुष्कळ गाण्यांत हलगी एकीकडे आणि गळा दुसरीकडे जातो, आणि बोल वादकाला लागतो. चूक बहुतेकदा पद्धतीत असते.

व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवायचा नाद सोडावा. आवाज पोचायला साधारण 30 मिलिसेकंदांहून जास्त लागले की लय ओढली जाते, आणि कॉलवर उशीर त्याच्या कितीतरी पट असतो. शिवाय गोंगाट गाळणारी सोय तुणतुण्याचा अखंड सूर पंख्याची घरघर समजून कापते.

मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टकटक करून लय देणारं यंत्र) लावून सुरुवात करणं ही तर मोठीच गल्लत. पोवाड्याची लय चढत जाते. ती बांधून टाकली की गाण्यातला जीव जातो. गायकाने नुसत्या तुणतुण्यावर कच्चं गाणं पाठवावं. ढोलकीवाल्याने त्यावर ठेका धरावा, आधी चार मात्रा टाळी देऊन, म्हणजे सगळ्यांचे आवाज त्या टाळ्यांवर जुळवता येतात. मग गायकाने त्या ठेक्यावर पुन्हा पक्कं गावं. हा दुसरा फेरा बरेच जण टाळतात आणि तिथंच गाणं फसतं. झांज, कोरस सगळं त्यानंतर. ऐकायला वायरचेच हेडफोन घ्यावेत, ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो.

सर्वांनी मुद्रणाचं एकच माप ठरवून घ्यावं: 48 किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने), 24 बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई), वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी). एखाद्याची 44.1 किलोहर्ट्झची फाइल 48 समजून वाजली, तर पेटीच्या काळी एक पट्टीत गाणारा गायक पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जाऊन बसतो, गाणंही लवकर संपतं. एमपीथ्रीत सुरुवातीला किंचित शांतता भरली जाते, त्यामुळे टाळ्या जुळत नाहीत. पाच मिनिटांची मोनो (एकाच चॅनलची) वेव्ह सुमारे 43 एमबी होते. व्हॉट्सअ‍ॅपवर ती डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावी.

आपल्याकडच्या पावसात कातडं सैल पडतं. शेकलेली हलगीही थोड्या वेळात उतरते. म्हणून एका गाण्याची हलगी एकाच बैठकीत घ्यावी. आज अर्धी, उद्या अर्धी घेतली तर जोड कानाला कळतो. माइक चार-पाच फूट लांब ठेवावा, नाहीतर आवाज फाटतो.

खरी अडचण शांत खोलीची आहे. देवल क्लब ही आपली जुनी संगीतसंस्था आणि शिवाजी विद्यापीठाचा संगीत विभाग यांनी सुट्टीच्या दिवशी एखादी खोली ताशी दराने द्यावी, ही विनंती. जाड पडदे, सतरंजी आणि एक माइक स्टँड एवढं पुरे.

– एक ध्वनिमुद्रक, कोल्हापूर